उपचारांचा हिशेब : ब्रिस्टलच्या बालशस्त्रक्रियेपासून जुनाट त्वचारोगांपर्यंत

इंग्लंडच्या पश्चिम भागातील ब्रिस्टल हे शहर मराठी वाचकाला नावाने तरी परिचित आहे. राजा राममोहन रॉय यांनी १८३३ साली येथेच देह ठेवला आणि आर्नोस व्हेलच्या दफनभूमीत त्यांची भारतीय धाटणीची छत्री आजही उभी आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस याच शहराचे नाव अगदी निराळ्या कारणाने जगभरच्या वैद्यकविश्वात गाजले. तेथील रॉयल इन्फर्मरी या जुन्या रुग्णालयात हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर लहान मुले अन्य ठिकाणांच्या मानाने अधिक संख्येने दगावत होती. ही गोष्ट कित्येक वर्षे अनेकांना ठाऊक होती आणि तरीही ती संस्थेला ठाऊक नव्हती. या विधानात वाटते तेवढी विसंगती नाही. एखादे पुस्तक कपाटातून नाहीसे झाले आहे हे दहा वाचकांना माहीत असू शकते. पण वार्षिक पुस्तकगणना होईपर्यंत ते ग्रंथालयाला माहीत नसते. व्यक्तीला ठाऊक असणे आणि संस्थेला ठाऊक असणे यांतील हे अंतर कमी करण्याचा इतिहास म्हणजेच बव्हंशी उपचार निर्धोक करण्याचा इतिहास होय. नव्या औषधांच्या आणि नव्या शस्त्रक्रियांच्या शोधांइतका तो झगमगीत नाही, म्हणून तो फारसा सांगितला जात नाही.

काही मुले जन्मतःच हृदयातील दोन प्रमुख रोहिण्यांची अदलाबदल घेऊन येतात. शरीराला शुद्ध रक्त पुरवणारी महारोहिणी आणि फुप्फुसांकडे अशुद्ध रक्त नेणारी रोहिणी यांची उगमस्थाने उलटसुलट झालेली असतात. त्यामुळे अशुद्ध रक्त पुन्हा शरीरातच फिरत राहते आणि मूल निळे पडते. ब्राझीलमधील शल्यचिकित्सक आदिब जातेने यांनी १९७५ साली या दोन्ही रोहिण्या छेदून आपापल्या जागी जोडण्याची शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखवली. तिच्यातील खरी कसोटी मोठ्या रोहिण्या जोडण्यात नाही. खुद्द हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या अतिशय बारीक रोहिण्या उचलून नव्या जागी बसवाव्या लागतात आणि त्यांतील एखादी किंचित जरी पिळली गेली तरी हृदय बंद पडते. असे काम हाताला वळण लागल्यावाचून साधत नाही, आणि वळण लागेपर्यंत काही बालकांचे बळी पडतात, हे या शस्त्रक्रियेच्या इतिहासातील कटू सत्य आहे.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या ख्यातनाम बालरुग्णालयानेही जुनी, तात्पुरता दिलासा देणारी पद्धत सोडून ही नवी पद्धत स्वीकारली तेव्हा आरंभीच्या टप्प्यात मृत्यूचे प्रमाण जुन्या पद्धतीच्या कितीतरी पट वाढले होते. पुढे ते जुन्याहून खाली आले आणि मुलांना दीर्घायुष्यही लाभू लागले. नंतर जन्मलेल्या मुलांचे आयुष्य अशा रीतीने आधीच्या मुलांच्या मरणावर उभे राहिले. हा व्यवहार टाळता आला असता काय, हा प्रश्न त्या वेळी कोणी मोठ्याने विचारला नाही. ब्रिस्टलने तो विचारावयास भाग पाडले.

अर्भकांच्या हृदयशस्त्रक्रियेचे प्रादेशिक केंद्र म्हणून ब्रिस्टलला १९८४ मध्ये मान्यता मिळाली होती. व्यवस्था मात्र मोठी विचित्र होती. मुलांचे हृदयरोगतज्ज्ञ बालरुग्णालयात बसत, तर हृदय उघडून करावयाच्या शस्त्रक्रिया काही अंतरावरच्या इन्फर्मरीत, प्रौढांच्या विभागात होत. १९८८ साली स्टीफन बोल्सिन हे तरुण भूलतज्ज्ञ तेथे रुजू झाले. लंडनमध्ये त्यांनी जे पाहिले होते त्याच्या तुलनेने येथील शस्त्रक्रिया फार वेळ चालतात, हे त्यांच्या प्रथम लक्षात आले. वेळ लांबला की बालकाचे हृदय यंत्राच्या आधारावर अधिक काळ राहते आणि धोका वाढतो. १९९० मध्ये त्यांनी रुग्णालयाचे मुख्य प्रशासक डॉ. जॉन रॉयलन्स यांना पत्र लिहून आपली काळजी कळवली. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. तेव्हा एका सहकाऱ्याच्या साहाय्याने ते आकडे जमवू लागले : शस्त्रक्रिया कोणती, मूल केवढे, परिणाम काय. मृत्युदराची कुजबुज १९९२ मध्ये एका उपहासात्मक पाक्षिकात छापूनही आली. इतके होऊनही शस्त्रक्रिया चालूच राहिल्या.

जानेवारी १९९५ मध्ये अठरा महिन्यांच्या एका बालकावर रोहिण्यांच्या अदलाबदलीची शस्त्रक्रिया ठरली. आदल्या सायंकाळी संबंधित डॉक्टरांची बैठक भरली. बोल्सिन यांनी विरोध केला. बाकीच्यांनी शस्त्रक्रिया करावी असे मत दिले. आदल्या रात्री अशी बैठक घ्यावी लागली, ही गोष्ट त्या मुलाच्या आईवडिलांना कोणी सांगितली नाही. १२ जानेवारीला ते बालक शस्त्रक्रियेच्या टेबलावरच मरण पावले.

त्यानंतर चक्रे फिरली. ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने ५३ शस्त्रक्रियांची छाननी केली. त्यांतील २९ मुले मरण पावली होती. जून १९९८ मध्ये शल्यचिकित्सक जेम्स विशार्ट आणि डॉ. रॉयलन्स यांची नावे वैद्यकांच्या नोंदपुस्तकातून काढण्यात आली; दुसरे शल्यचिकित्सक जनार्दन धस्माना यांना तीन वर्षे मुलांवर शस्त्रक्रिया करण्यास मनाई झाली. सर इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल जुलै २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालील ३० ते ३५ मुले अपेक्षेहून अधिक दगावली आणि हृदय उघडून शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांशांची शुश्रूषा पुरेशी नव्हती, असा त्याचा निष्कर्ष होता. बोल्सिन तोवर ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले होते.

या अहवालाचे मोल त्याच्या निवाड्यात नसून त्याच्या निदानात आहे. त्याने कोणालाही खलनायक ठरवले नाही. ही माणसे रुग्णांविषयी आस्था असलेली आणि कष्टाळू होती. परंतु सत्ता थोड्यांच्या हाती होती, आपल्या वर्तुळातील आणि वर्तुळाबाहेरील असा भेद होता, आणि आपले निकाल इतरांच्या निकालांशी ताडून पाहण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कोणालाच सांगता येत नव्हते. आकडे होते, पण ते निरनिराळ्या वह्यांत विखुरले होते. वाईट निकालाला प्रत्येक वेळी स्पष्टीकरणही तयार असे : हे मूल मुळातच अधिक आजारी होते, संख्या लहान आहे, हात बसला की सुधारणा होईल. यांतील एकही स्पष्टीकरण खोटे नव्हते. दहा वेळा दिलेले खरे स्पष्टीकरण अकराव्या वेळी संशयास्पद वाटले पाहिजे, इतकी साधी शिस्त मात्र तेथे नव्हती. १९९५ नंतर मेलबर्नहून नवे शल्यचिकित्सक आले, सर्व सेवा बालरुग्णालयात एकत्र आल्या आणि एक वर्षाखालील मुलांच्या अशा शस्त्रक्रियांतील मृत्युदर २९ टक्क्यांवरून १९९९–२००२ या काळात ३ टक्क्यांवर आला. शहर तेच होते आणि रोगही तेच होते.

वस्तुतः ही शिस्त नवी नव्हती. ती सुचवणाऱ्या गृहस्थाची उपेक्षा झाली, एवढेच. अमेरिकेतील बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात असा आग्रह धरला होता की, प्रत्येक रुग्णाच्या नावे एक पत्रक ठेवावे, वर्षभरानंतर त्याची प्रकृती पाहून अंतिम निकाल त्यावर लिहावा, आणि निकाल वाईट असेल तर चूक कोणाची ते स्पष्ट नोंदवावे. स्वतःच्या छोट्या रुग्णालयात १९११ ते १९१६ या काळात त्यांनी ३३७ रुग्णांचा असा हिशेब ठेवला, त्यात १२३ चुका नोंदवल्या आणि त्या छापून प्रसिद्धही केल्या. १९१५ च्या जानेवारीत भरसभेत त्यांनी एक व्यंगचित्र उघडले. बॉस्टनचे धनिक हे वाळूत डोके खुपसलेले शहामृग असून त्याची सोन्याची अंडी डॉक्टर मंडळी गोळा करीत आहेत, असे ते चित्र होते. सुधारकाला विनोदाचा मोह आवरला नाही की काय होते, ते कॉडमन यांच्या उर्वरित आयुष्याने दाखवून दिले. मित्र दुरावले, उत्पन्न घटले. १९४० मध्ये ते वारले, आणि त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०१४ मध्ये, त्यांच्या मागणीला शतक उलटल्यावर.

कॉडमन यांचा वारसा लंडनमध्ये मार्क द लेव्हाल यांनी चालवला, असे म्हणता येईल. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथे रोहिण्यांच्या अदलाबदलीच्या त्यांच्या पहिल्या पन्नासेक शस्त्रक्रिया उत्तम पार पडल्या होत्या. पुढे अल्पावधीत एकामागून एक मुले दगावू लागली. दैवाचा फेरा म्हणून ते गप्प बसू शकले असते. त्यांचा लौकिक तेवढा मोठा होता. त्याऐवजी त्यांनी कारखान्यांतील मालाची प्रत तपासण्याची संख्याशास्त्रीय रीत आपल्याच कामाला लावली. ही घसरण निव्वळ योगायोगाची नाही, असे तीत दिसताच दुसऱ्या शल्यचिकित्सकाकडे जाऊन त्यांनी ती शस्त्रक्रिया नव्याने शिकून घेतली आणि १९९४ मध्ये हा सारा वृत्तांत आपल्या नावानिशी प्रसिद्ध केला. ब्रिस्टलमधील कुजबुज टिपेला पोहोचली होती त्याच सुमाराची ही गोष्ट आहे. दोन रुग्णालये, एकच शस्त्रक्रिया आणि जवळजवळ एकच काळ. या दोन कथा शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे कौशल्याहून वेगळे असे काहीतरी येथे निर्णायक होते, हे निराळे सांगावे लागत नाही.

द लेव्हाल तेवढ्यावर थांबले नाहीत. ब्रिटनमधील १६ केंद्रांत २१ शल्यचिकित्सकांनी केलेल्या याच प्रकारच्या २४३ शस्त्रक्रियांचे त्यांनी प्रत्यक्ष निरीक्षण करविले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. मोठी चूक घडली की सर्वांच्या ध्यानात येते आणि चांगला चमू ती बहुधा सावरून घेतो. क्षुल्लक वाटणाऱ्या चुका मात्र कोणाच्या गणतीत नसतात. उपकरण वेळेवर हाती न येणे, सूचना अर्धवट ऐकू येणे, टेलिफोनमुळे लक्ष विचलित होणे, असल्या गोष्टी एकावर एक साचत जातात आणि शेवटी त्यांचीच बेरीज जिवावर बेतते. गृहिणींना आणि मोटार हाकणाऱ्यांना हे पूर्वीपासून ठाऊक असावे. शल्यशास्त्राला ते सिद्ध करून घ्यावे लागले.

त्याच रुग्णालयातील मार्टिन इलियट आणि ॲलन गोल्डमन या दोघा डॉक्टरांची कथा अधिक लोकप्रिय आहे. शस्त्रक्रियागृहातून अतिदक्षता विभागात बालकाला हलवताना नळ्या, तारा आणि माहिती यांचा नेहमी गोंधळ उडे. दमूनभागून दूरदर्शनवर मोटारींची शर्यत पाहत असताना, थांबलेल्या गाडीची चाके काही सेकंदांत बदलणारा चमू त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी इटलीतील फेरारी कंपनीच्या शर्यतविभागाशी संधान बांधले. तेथील लोकांनी डॉक्टरांचे चलच्चित्र पाहिले आणि येथे हुकूम कोणाचा चालतो तेच कळत नाही, हे मर्म नेमके हेरले. पुढे प्रत्येकाची जागा ठरली, एकाने बोलावे व इतरांनी ऐकावे असा क्रम लागला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दर हस्तांतरणामागे होणाऱ्या तांत्रिक चुका सरासरी पाचांहून अधिक होत्या, त्या तिनांवर आल्या. माहितीतील त्रुटी जवळपास निम्म्या झाल्या.

या प्रवाहातील सर्वांत प्रसिद्ध नाव मात्र मराठी मुलखाशी नाते सांगते. बॉस्टनचे शल्यचिकित्सक आणि लेखक अतुल गावंडे यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे हे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. शेतकऱ्याचा हा मुलगा शिकून अमेरिकेत ओहायोमध्ये स्थायिक झाला. पण आईच्या नावे उमरखेडला महाविद्यालय उभे करून त्याने गावाकडचा धागा राखला. अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एकोणीस बाबींची तपासयादी २००८ मध्ये जाहीर केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी असे तीन वेळा थांबावयाचे. रुग्ण तोच आहे ना, बाजू तीच आहे ना, प्रतिजैविक दिले का, कापसाचे बोळे मोजून पुरे भरले का, हे मोठ्याने विचारावयाचे. खोलीतील प्रत्येकाने आपले नाव सांगावे, हीही त्यातील एक बाब आहे. ती प्रथम हास्यास्पद वाटते. परंतु एकदा तोंड उघडलेली परिचारिका पुढे चूक दिसल्यास पुन्हा तोंड उघडते, असा त्यामागचा अनुभव आहे. नवी दिल्ली, मनिला, लंडन, सिएटल, टांझानियातील इफाकारा यांसह आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली गेली. २००९ मध्ये छापलेल्या निष्कर्षात मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, आणि गुंतागुंतीचे ११ वरून ७ टक्क्यांवर आल्याचे दिसले.

यादीच्या कौतुकात वाहून जाणेही बरे नव्हे. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने आपल्या १०१ रुग्णालयांत ती सक्तीने लागू केली तेव्हा मृत्युदरात लक्षणीय घट आढळली नाही, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. संध्येतील चोवीस नावे पाठ म्हणत मन भलतीकडेच फिरवण्याची कला आपल्याकडे जुनी आहे; कागदावरच्या खुणांचेही तसेच होऊ शकते.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत निदान एक सोय आहे. घात झाला तर तो एका खोलीत, एका दिवशी, दहाजणांच्या देखत होतो. जुनाट त्वचारोगांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तेथे उपचार वर्षानुवर्षे चालतो, तो घरी चालतो, पुष्कळदा तो रुग्ण स्वतःच चालवतो आणि अपाय झाला तर तो इतक्या सावकाश होतो की, त्याची तारीख कोणाला सांगता येत नाही. त्वचारोगाने सहसा मरण येत नाही, ही समजूत त्यात भर घालते. येथील हिशेब ठेवावयाचा कोणी?

बालकांचा घात आणि त्वचेचा रोग या दोहोंना जोडणारा एक दुवा इतिहासात आहे, आणि तो थरकाप उडवणारा आहे. थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये बाजारात आले. गरोदर स्त्रियांनी ते घेतल्याने हातपाय खुरटलेली सुमारे दहा हजार बालके जगात जन्मली. १९६१ च्या नोव्हेंबरात ते जर्मन बाजारातून मागे घेतले गेले. अमेरिकेच्या औषध प्रशासनातील फ्रान्सेस केल्सी यांनी पुराव्याअभावी परवानगी अडवून धरल्यामुळे तो देश बहुतांशी वाचला. हे औषध तेथेच कायमचे पुरले जावयाचे. परंतु जेरुसलेममध्ये याकोब शेस्किन या डॉक्टरांनी असह्य वेदनांमुळे झोप न येणाऱ्या कुष्ठरुग्णांना शिल्लक साठ्यातील गोळ्या दिल्या, आणि त्या रोगातील तीव्र प्रतिक्रियेच्या लाल, ठणकणाऱ्या गाठी दोनतीन दिवसांत विरू लागल्या. हे निरीक्षण १९६४–६५ मध्ये प्रसिद्ध झाले. विषच औषध ठरले. पण विष संपले नव्हते. ब्राझीलमध्ये कुष्ठरुग्णांसाठी या गोळ्या वाटल्या जात असता त्या शेजारीपाजारी पोहोचल्या आणि जगाने धडा घेतल्याचे मानल्यानंतरही, १९६५ नंतर, तेथे तशीच बालके जन्मत राहिली. अमेरिकेने १९९८ मध्ये कुष्ठरोगातील प्रतिक्रियेसाठी या औषधाला मान्यता दिली ती कडक अटींवर : लिहून देणारा डॉक्टर, विकणारा औषधविक्रेता आणि घेणारा रुग्ण या तिघांचीही नोंद झाल्याखेरीज गोळी मिळणार नाही. औषध तेच ठेवून त्याच्याभोवती नोंदीचे कुंपण घालण्याची ही रीत पुढे इतर औषधांनाही लावण्यात आली.

कुष्ठरोग हा त्वचेचा आणि मज्जातंतूंचा जुनाट रोग. त्याच्या उपचाराचा हिशेब ठेवण्याची परंपरा मराठी मुलखात विशेष समृद्ध आहे. चालमोग्रा तेलाच्या वेदनादायक सुया मागे पडून १९४० नंतर सल्फोन वर्गातील औषधे आली. त्यांतील डॅप्सोन हे सर्वांत स्वस्त, पण ते फार विषारी म्हणून आरंभी बाजूला पडले होते. ते औषध विषारी नसून त्याचे प्रमाण चुकत होते, हे दाखवण्यात डॉ. जॉन लो यांचा मोठा वाटा आहे. पूर्वी निजामाच्या राज्यातील डिचपल्ली येथे आणि नंतर कलकत्त्यात काम करून ते नायजेरियाला गेले होते. तेथे त्यांनी अल्प प्रमाणातील गोळ्या तोंडाने देऊन पाहिल्या. मात्र काही थोड्या रुग्णांना उपचार सुरू झाल्यावर पाचसहा आठवड्यांनी ताप, पुरळ आणि कावीळ होते व क्वचित मृत्यूही ओढवतो, हेही त्यांनीच १९४९ मध्ये नोंदवून ठेवले. ही प्रतिक्रिया कोणाला होण्याचा संभव अधिक, हे सांगणारी आनुवंशिक खूण चिनी संशोधकांना २०१३ मध्ये सापडली. मधली चौसष्ट वर्षे त्या धोक्यावर सावधगिरी हाच उपाय होता.

वर्ध्याला १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉ. रा. वि. वारदेकर यांनी तेथे सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री बसवली. रुग्णाने आश्रमात येऊन पडण्याची वाट न पाहता कार्यकर्त्याने गावोगाव, घरोघर जावे, प्रत्येकाची त्वचा तपासावी, नोंद करावी आणि गोळ्या घरच्या घरी द्याव्यात, अशी ती पद्धत होती. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाने तिचेच अनुकरण केले. वारदेकरांचे हे काम सेवाभावाचे म्हणून गौरवले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्यातील नोंदवहीचे महत्त्व त्या गौरवात झाकले जाते. घरी चालणाऱ्या दीर्घ उपचाराचा हिशेब ठेवता येतो, हे या नोंदवहीने दाखवले.

तरीही एकट्या डॅप्सोनवर वर्षानुवर्षे भिस्त ठेवण्याची किंमत चुकवावी लागली. जंतू त्याला पुरून उरू शकतात, याचा प्रयोगसिद्ध पुरावा मलायातून १९६४ मध्ये आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१–८२ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, आणि येथे औषधाइतकीच त्याची बांधणी महत्त्वाची ठरली. चार आठवड्यांच्या गोळ्या एका पत्रावर दिवसाच्या क्रमाने बसवलेल्या असतात. महिन्याची मोठी मात्रा कार्यकर्त्याच्या समोर घ्यावयाची आणि रोजची मात्रा घरी. पत्रावरचा रिकामा कप्पा म्हणजे घेतलेली गोळी. लिहितावाचता न येणाऱ्या माणसाच्या हाती अशी वही आली. या उपचारातील क्लोफाझिमीनमुळे त्वचा काळवंडते; चट्ट्यांमुळेच समाजाने दूर लोटलेल्या माणसाला हा अपाय किती जिव्हारी लागत असेल, हे अपायांच्या तक्त्यात दिसत नाही. आगाऊ सांगून ठेवलेला रुग्ण तो सोसतो. न सांगितलेला गोळ्या टाकून देतो. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे भारताने २००५ च्या डिसेंबरअखेर गाठलेल्या प्रमाणावरून जाहीर केले. पण २०२२ मध्येही देशात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण सापडले.

कुष्ठरोगाला निदान कार्यकर्ता लाभला. सोरायसिसच्या रुग्णाला तो नाही. त्वचेवर खवले धरणारा हा रोग सांसर्गिक नाही, मरणही आणत नाही. तो फक्त जन्मभर सोबत करतो. त्याच्या तीव्र प्रकारात मेथोट्रेक्सेट हे मूळचे कर्करोगावरील औषध १९५८ पासून वापरात आहे, आणि ते गुणकारी व स्वस्त आहे. त्याची एक अट विलक्षण आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. गोळ्या रोज घेण्याची सवय जगभर इतकी अंगवळणी पडली आहे की, डॉक्टरच्या, औषधविक्रेत्याच्या अथवा रुग्णाच्या हातून ‘आठवड्यातून एकदा’चे ‘रोज’ होते आणि काही दिवसांत तोंड सोलते, रक्तातील पेशी घटतात, मृत्यूही येतो. इंग्लंडमध्ये १९९३ ते २००२ या दहा वर्षांत या औषधाच्या चुकांच्या १३७ घटना मोजल्या गेल्या. त्यांत २५ मृत्यू होते. नंतर तेथे रुग्णाच्या हाती एक छोटी पुस्तिका देण्यात येऊ लागली : मात्रा किती, वार कोणता, रक्ततपासणी केव्हा झाली, निकाल काय. दवाखाना कोणताही असो, पुस्तिका रुग्णाबरोबर जाते. कॉडमन यांचे पत्रक रुग्णालयाच्या कपाटातून निघून रुग्णाच्या खिशात आले, ते असे.

आपल्या देशातील सर्वांत व्यापक अपाय मात्र याहून साध्या वस्तूने केला. त्वचेवर लावावयाचे स्टेरॉइड मलम १९५२ मध्ये अमेरिकेत प्रथम यशस्वी ठरले, तेव्हापासून इसबासारख्या रोगांत त्याने असंख्यांना दिलासा दिला आहे. योग्य हाती ते उत्तम औषध आहे. परंतु आपल्याकडे तीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांचे मिश्रण एका नळीत भरून ते खाजेवरचे मलम म्हणून खपले, आणि गोरेपणाचे मलम म्हणूनही. नायट्यावर लावले की खाज तत्काळ थांबते, कारण शरीराचा विरोधच थांबतो. बुरशी मात्र आत फोफावत राहते. चेहऱ्यावर लावले की काही दिवस कांती उजळते, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, आणि मलम सोडले की आग होते म्हणून पुन्हा मलम लावावे लागते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने अनेक वर्षे ओरड केल्यानंतर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकता येणार नाहीत, अशी अधिसूचना काढली. याच काळात औषधांना दाद न देणाऱ्या नायट्याची साथ देशभर पसरली होती. त्या बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी नाव दिले त्यात भारताचेच नाव गुंफले गेले : ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. अधिसूचना निघाली तरी गल्लीतल्या दुकानात चिठ्ठी मागितली जातेच असे नाही.

या मलमाने किती चेहरे बिघडले, याची पुरी मोजदाद कोणत्याही दप्तरी नाही. औषधांचे अपाय नोंदवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात २०१० मध्ये सुरू झाला आणि त्याचे मुख्य केंद्र गाझियाबाद येथे आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतून तेथे अहवाल जातात. डॉक्टरखेरीज खुद्द रुग्णालाही अपाय कळवता यावा, म्हणून साधा नमुना काढण्यात आला आहे. तो प्रादेशिक भाषांतही आहे, आणि त्यात विचारलेले प्रश्न कॉडमन यांच्या पत्रकातील प्रश्नांहून फारसे निराळे नाहीत : औषध कोणते, ते केव्हापासून घेतले, काय झाले आणि आता प्रकृती कशी आहे.